डोंगरात गेलेली बॅग

विमानात बॅग टाकताना काय काळजी घ्यावी, हे आता मला कुणीही विचारावं. मस्कतला लेकीकडे जायचं ठरलं तेव्हापासून वारूळवाडीतल्या निम्म्या घरांनी मला शिकवून सोडलं होतं. कुणी म्हणालं, कुलूप चांगलं दणकट लावा. कुणी म्हणालं, दणकट कुलूप बघितलं की चोराला कळतं आत माल आहे, बारकंच लावा. शेजारच्या सुनेनं तर माझ्याच बॅगेवर करून दाखवलं. साधं बॉलपेन चेनच्या दातांत खुपसलं आणि कुलूप जागच्या जागी असताना बॅग शेंगेसारखी उकलली. मग चेनचा लगाम एकदा मागंपुढं फिरवला, की पुन्हा बंद. “बघा काकू, कळतसुद्धा नाही,” ती म्हणाली. ते बघून माझी झोपच उडाली.

म्हणून परत येताना तिथल्या विमानतळावर मी बॅगेला हिरवं प्लास्टिक गुंडाळून घेतलं. एक माणूस बॅग फिरत्या पाटावर ठेवतो आणि पाट फिरता फिरता तिच्याभोवती पापुद्र्यावर पापुद्रा चढत जातो, रेशमाच्या किड्यानं कोष विणावा तसा. बघता बघता डोळ्यावर गुंगी येते. हँडलला मी जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी बांधली, लांबून ओळखू यावी म्हणून. सगळं सांगितल्यासारखं केलं. फक्त एक सोडून. सोनंनाणं त्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा, असं प्रत्येकानं बजावलं होतं. मला उलटंच वाटत होतं. जवळचं लोकांना दिसतं. तिकडे घालायला नेलेल्या माझ्या आईच्या दोन पाटल्या मी एका जुन्या मोज्यात घातल्या, मोजा परकराच्या घडीत सरकवला आणि कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा.

मस्कतचं वर्णन इथं करत नाही. तिकडे आता बरेच लोक जाऊन येतात. मला सांगायचाय तो त्यानंतरचा प्रवास. सकाळी आमच्या घरून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं, आणि तरीही आमच्यापैकी फारसं कुणी गेलेलं नसतं, अशा ठिकाणाचा.

वारूळवाडी

मुंबईत उतरलो तेव्हा उजाडत होतं. फिरत्या पट्ट्यावर हिरवी बॅग आली, लाल चिंधी दिसली, ह्यांनी उचलली. चिठ्ठीवरचा नंबर ताडून बघा असं पल्लवीनं, म्हणजे लेकीनं, दहादा सांगितलेलं. पण डोळे उघडे असून आम्ही झोपेतच होतो. माळशेजचा घाट ढगात, आळेफाट्याची गर्दीही मला ढगातल्यासारखीच दिसली. घरी आलो, ह्यांनी द्राक्षाच्या छाटणीची कात्री घेतली आणि प्लास्टिक फाडलं. बारकं कुलूप ओढताच निघालं.

आतून आधी निघाल्या गुलाबी रबरी चपला. मग भिंतीवरचं घड्याळ, दुधाच्या पावडरीचे डबे, जाडजूड ब्लँकेट, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचं यंत्र. हँडलची चिंधी लालच होती, पण लुगड्याच्या काठाची नव्हती.

“हे कुणाचं गं?” ह्यांनी विचारलं.

मी खाली बसले. मग पाटल्यांचं सांगावं लागलं. ह्यांनी कात्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली.  लग्नाला इतकी वर्षं झाली, रागावले की हे असेच गप्प होतात. त्यापेक्षा ओरडलेले बरे.

विमान कंपनीला फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वाऱ्याचा आवाज इतका की शब्द तुटत होते.

“ताई, मी मंदा. डिंभ्याच्या वर, डोंगरात ऱ्हाते. इमानवाल्यांनी तुमचा नंबर दिला. तुमची बॅग माज्याकडं आलीया. माजी तुमच्याकडं हाय का?”

“आहे, आहे! सगळं जसंच्या तसं आहे.”

“तुमच्या बॅगेत सोनं हाय,” ती म्हणाली. “म्या परत तितंच ठेवलंय. आता ती बॅग मी घराभाईर काढनार न्हाई. तुमी या, तुमच्या डोळ्यांनी बघा आन् घिऊन जा.”

वाडीचं नाव सांगितलं आणि फोन कटला.

घोडेगावच्या पुढं

भाद्रपद सरत आला होता. टोमॅटो भरून ह्यांचा पिकअप रोज नारायणगावच्या बाजारात जातो, तोच रिकामा करून आम्ही निघालो. मागं ताडपत्रीखाली मंदाची बॅग, तिचं फाटलेलं प्लास्टिक मी सुतळीनं बांधलेलं. मंचरपर्यंत रस्ता ओळखीचा. तिथून उजवीकडे वळून घोडेगाव मागं पडलं, तशी जमीन बदलू लागली. आमच्याकडची जमीन आखलेली असते. बांध, तारा, ठिबकच्या नळ्या, द्राक्षाचे मांडव. इथं शेतं डोंगराच्या कुशीतून उतरत येतात, भाताचे तुकडे एकाखाली एक, आणि वरच्या उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं. कुणी आखलेलं काहीच वाटत नाही.

डिंभ्याच्या धरणाशी ह्यांनी गाडी थांबवली. पाण्यावर ढग टेकला होता. पलीकडचा काठ नव्हता, डोंगर नव्हते, फक्त पांढरं. एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता.

“पावणं, कुनीकडं?” त्यानं विचारलं. ह्यांनी वाडीचं नाव सांगितलं. “मंग पाण्याच्या कडंकडंनं जावा. आन् खाली बगत जावा,” तो हसला. “आमचं जुनं आंबेगाव हितं खाली हाय. देवळं, गल्ल्या, समदं. लई पानी आटलं की देवळाचं डोकं दिसतं.”

मी पाण्याकडे बघत राहिले. विमानाची घरघर अजून कानात होती. वाटलं, खाली आत्ताही कुणी अंगण झाडत असेल, दार पुढं लोटून पाण्याला गेलं असेल. आख्खं गाव पाण्यात गेलं तेव्हा लोकांनी काय बरोबर घेतलं असेल, काय विसरलं असेल? मोज्यात लपवलेलं कुणाचं काही राहिलं असेल का? ह्यांनी हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

पुढची वाट चढाची. एका वळणावर चाक चिखलात रुतलं आणि ते नुसतं गरगर फिरत राहिलं. ह्यांनी रिकामे क्रेट चाकाखाली सारले, मी मागून ढकललं, साडी गुडघ्यापर्यंत लाल झाली. गाडी निघाली तेव्हा इतक्या तासांनी पहिल्यांदा ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “नाकाला चिखल लागलाय.” मला रडूच यायचं बाकी होतं.

वाडी

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरं थोडी, कौलारू, प्रत्येकाच्या मागं हिरड्याची झाडं. माझ्या लक्षात पहिल्यांदा आलं ते हे, की कुठल्याही दाराला कुलूप नाही. आमच्याकडे फाटक असतं, फाटकावर कुत्रं, कुत्र्यावर कॅमेरा. इथं एका दाराची कडी तेवढी घातलेली दिसली, तीसुद्धा आत कोंबड्या शिरू नयेत म्हणून.

मंदा अंगणातच उभी होती. पस्तिशी-चाळिशीची, काटक, पांढऱ्या सदऱ्यासारखा लांब कुडता. तिकडे मस्कतात ती एका म्हातारीची शुश्रूषा करते, चार वर्षांनी घरी आलेली. ओसरीवर तिची आई बसलेली, पाय सुजलेले. कुणासाठी त्या गुलाबी चपला होत्या ते मला कळलं. भाऊ किसन खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. “जेवून घ्या आदी,” म्हातारी म्हणाली.

“न्हाई आय,” मंदा म्हणाली. “आदी बॅग.”

तिनं बॅग ओसरीवर आणली. कुलूप तुटलेलं होतं. ते माझ्या नजरेत आलं आणि माझ्या नजरेत आलंय हे तिच्या लक्षात आलं.

“माजी किल्ली लागंना, म्हनून किसननं पक्कडीनं तोडलं. तवर ही आपली न्हाई हे ठावंच न्हवतं. उगडल्यावर कळलं. कुटं नाव-नंबर सापडतोय का म्हनून हात घातला, तर ह्यो मोजा.” ती मागं सरली. “तुमी काढा.”

“कशाला आता,” हे म्हणाले. “घरी जाऊन बघू.”

“न्हाई भाऊ. हितं, माज्यासमोर.”

मी परकराची घडी उलगडली. मोजा जड लागला, जीव भांड्यात पडला. तो पालथा केला. हातात एक पाटली आली.

मी मोजा चाचपला, उलटा केला. परकर झटकला. एकेक कपडा काढला, खजुराचे पुडे उघडले, अत्तराची बाटली, पल्लवीनं दिलेली चादर. ओसरीवर सगळं पसरलं.  कौलांवरून पाणी ठिबकत होतं.

“दोन होत्या,” मी म्हणाले.

मंदाचा चेहरा राखेसारखा झाला. “मला एकच हाताला लागली व्हती ताई. आईच्यान एकच.”

किसन खांबापासून सुटला. “म्हनलं व्हतं ना तुला, दुसऱ्याच्या बॅगेत हात घालू नको! आता आमी चोर का?”

“कुणी म्हणालं का तसं?” हे घाईनं म्हणाले. “अहो, विमानतळावर काय काय होतं. बॉलपेननं चेन उघडतात, कळतसुद्धा नाही. तिथंच कुणी काढली असेल.”

भला माणूस. सगळ्यांनाच वाट करून दिली होती त्यांनी. तिनं नुसती मान हलवायची होती. आम्ही एक पाटली घेऊन, जेवून, निघून गेलो असतो आणि मनात जे ठेवायचं ते ठेवलं असतं.

“न्हाई,” मंदा म्हणाली. “प्लास्टिक धड व्हतं. कुटं कापल्यालं न्हवतं. मीच इळ्यानं फाडलं. खोटं कशाला बोलू?”

सगळं तिच्यावरच येत होतं आणि ती ते येऊ देत होती. माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं. मला वाटलं, किती पक्की, बनेल आहे ही.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. “ताई, बॅग भरली कुनी?”

“मी.”

“दुसऱ्या कुनी हात लावला न्हवता?”

“वजन जास्त भरलं म्हणून पल्लवीनं पुन्हा उपसून भरली. पण...”

“मंग लेकीला इचारा.”

“माझ्या लेकीला काय विचारायचं?” माझा आवाज चढला होता. तो ओसरीभर झाला आणि मलाच ऐकू आला. अनोळखी बाईवर संशय घ्यायला मला क्षणही लागला नव्हता, आणि पोटच्या पोरीला नुसतं विचारायचं तर अंगाचा तिळपापड. मंदा माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले नव्हते, रागावलेही नव्हते. ती नुसती थांबली होती.

“रेंज कुठं येते?” मी विचारलं.

देवळामागचं टेकाड

आम्ही दोघीच वर गेलो. पायवाट गवतातून जात होती, गुडघ्याएवढं ओलं गवत, त्यात सोनकीची पिवळी फुलं, आणि चार हातांपलीकडे काहीच नाही. मंदा पुढं, तिचा पांढरा कुडता धुक्यात मिसळून जायचा, पुन्हा दिसायचा. एकदा ती अजिबात दिसेनाशी झाली. मी उभी राहिले. कुठूनतरी पाणी वाहत होतं, गुरांच्या गळ्यातलं लाकडी लोढणं खडखडत होतं, आणि मी कुठल्या गावची, कशाला आले, क्षणभर आठवेना. घाबरले नाही. उलट हलकं वाटलं, विमान ढगात शिरतं तेव्हा वाटलं होतं तसं.

“ताई, हात द्या,” धुक्यातून हात आला. खरखरीत, गरम.

वर एक सपाट दगड होता. वाडीतले लोक तिथं उभं राहून मुंबई-पुण्याला बोलतात, दगड पायांनी गुळगुळीत झालेला. मी फोन लावला, आणि मंदाकडे बघून त्याचा आवाज मोठा केला. तिनं तसं सांगितलं नव्हतं.

“आई! मिळाली का बॅग?” पल्लवीचा आवाज असा आला जणू दगडाखालून.

“मिळाली. पल्लवी, पाटली एकच आहे गं.”

पलीकडे बाळ रडत होतं. मग तेही थांबलं.

“पल्लवी?”

“आई, रागावू नकोस. एक मी काढून घेतली.”

मी दगडावर बसले.

“मी मागितल्या तर तू म्हणालीस, परक्या मुलखात नकोत, चोरीला जातील. आजी गेली तेव्हा मला येता नाही आलं. तिचं माझ्याकडे काहीच नाही गं. बॅग भरताना मोजा हाताला लागला, तर एक ठेवून घेतली. घरी गेल्यावर तू फोन करून ओरडशील, तेव्हा सांगू असं ठरवलं होतं.” ती रडायला लागली. “तिथं काही झालं का? त्या बाईंना काही बोललीस का तू?”

 मंदानं माझ्या हातातून फोन घेतला.

“न्हाई बाई, कायबी न्हाई बोलल्या त्या,” ती म्हणाली. “तू रडू नको. बाळ लहान हाय, अंगावर पीत आसंल. ठिव आता फोन.”

मग तीही माझ्या शेजारी बसली.   धुकं खालून वर येत होतं, पायांवरून, मांड्यांवरून, जसं पाणी चढावं.

“मंदाताई, मी तुमच्यावर...”

“घेतला संशय. दिसलं मला,” ती म्हणाली. “मी तुमच्या जागी आसते तर मीबी घेतला आसता. पन ताई, तिकडं परक्याच्या घरात चार वर्सं काढली. कपाटं उगडी, दागिनं उगडं. म्हातारीचं कायबी सापडंना झालं की पयली नजर माज्याकडं. मंग तिचं तिलाच गादीखाली घावतं. तितं सवय झाली. हितं, माज्या आयच्या वसरीवर, ते नको व्हतं मला.”

 मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही, पण माझा दाबलाही नाही. मग उठली आणि म्हणाली, “चला. आय उपाशी हाय.”

खाली आलो. हे आणि किसन अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. मी तिथल्या तिथं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, काय झालं ते सांगितलं. शेजारपाजारच्या दारांत बायका आल्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल असं. किसननं मान खाली घातली, विळी घेतली आणि कांदा चिरायला बसला. म्हातारीनं चुलीत फुंकर घातली.

त्या जेवणाचं सांगितलंच पाहिजे. तांदळाच्या भाकरी, आमच्या बाजरीच्या भाकरीशी काही नातं नसलेल्या, मऊ, पांढऱ्या, दुमडल्या तरी न तुटणाऱ्या. कारळ्याची काळी चटणी. ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. तो कसा खायचा ते मला कळेना, तेव्हा मंदानं नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली. आम्हा पाहुण्यांना आधी वाढलं होतं, पण मी म्हणाले, तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही. मग ती बसली. म्हातारी गुलाबी चपला घालून ओसरीभर हळूहळू फिरत होती आणि आपल्याच पायांकडे बघून हसत होती.

निघताना मंदा गाडीपाशी आली. “दिवाळी झाली की मी परत जानार,” ती म्हणाली. “लेकीला काय धाडायचं आसंल तर सांगा.”

परतीच्या वाटेवर ढग उचलला होता. धरणाचं पाणी तांबूस, स्थिर, आणि सगळे डोंगर त्यात उलटे. ह्यांनी गाडी हळू केली. दोघंही बघत राहिलो. मला मध्येच डोळा लागला. डोळे उघडले तेव्हा मंचरचे दिवे होते.

नारायणगाव

दिवाळीनंतर मंदा कल्याणच्या गाडीसाठी नारायणगावच्या स्टँडवर उतरली. मी डबा घेऊन गेले होते. तिळाची चटणी, बाळासाठी टोपडं, आणि रुमालात गुंडाळलेली पाटली.

रुमाल उघडला तसा तिनं हात मागं घेतला. “सोनं नको ताई. दुसरं कायबी द्या. वाटंत काय झालं तर?”

“झालं तर झालं.”

“तुमी म्हनाल. लोकं?”

“ह्यांना माहीत आहे. पल्लवीला काल फोनवर सांगितलंय, जोडी पुरी कर म्हणून. बाकीच्या लोकांना मी बघून घेईन.”

तिनं रुमाल हातात घेतला. शेजारी जीपवाले जुन्नर, जुन्नर ओरडत होते, टोमॅटोचे ट्रक रस्ता अडवून उभे होते. “बॅगेत टाकू?” तिनं विचारलं.

“नाही. हातात घाला.”

तिच्या काटक हातावरून पाटली सहज सरकली, मनगटावर जाऊन बसली. तिनं वरून कुडत्याची बाही ओढली. गाडी लागली, किसननं बॅग वर चढवली. या खेपेला तिला प्लास्टिक नव्हतं, नुसतं सुतळीनं आवळलेलं. मंदा पायरीवर चढली आणि वळली.

“पोचल्यावर फोन करते. पाटली दिली की लगीच.”

“पाटलीचा नको,” मी म्हणाले. “तुम्ही नीट पोचलात, त्याचा करा.”